12वीत आहोत, एकांकिका आमची आम्हीच बसवतोय, आता भांडणं लागलीत. बाहेरचा दिग्दर्शक आणावा का?

सांगलीची_पोर
नमस्कार. मी सांगलीत 12वी सायन्सला आहे. आमच्या ज्युनियर कॉलेजात नाटकाचा ग्रुप आहे, म्हणजे आम्ही 14 जण आणि एक रिकामा वर्ग जो सर साडेतीननंतर उघडून देतात, बाकी सगळं आमचं आम्हीच बघतो. संहिता आमच्यातल्याच एकाने लिहिलीय, 2019 च्या पुरात माळ्यावर अडकलेली आजी आणि तिचा नातू. आम्ही सगळे तेव्हा पाचवी-सहावीत होतो त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दिग्दर्शन माझ्याकडे आलं कारण विचारलं तेव्हा दुसऱ्या कुणी हातच वर केला नाही.

आता प्रॉब्लेम. नातवाचं काम करणारा मुलगा ग्रुपमधला सगळ्यात भारी नट आहे पण नीटच्या क्लासमुळे आठवड्यातून दोनदाच उगवतो आणि तो नसला की बाकीचे खिडकीत बसून मोबाईल बघतात. गेल्या शुक्रवारी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो दप्तर उचलून गेला. लेखक त्याचा जिगरी दोस्त, तो म्हणतो संहिता माझीय, मी परत घेतो. आणि आजीचं काम करणारी, जी माझी पहिलीपासूनची मैत्रीण आहे, ती म्हणाली तू आता हेडबाईंसारखी बोलायला लागलीस. हे जास्त लागलं.

काहींचं म्हणणं आहे की बाहेरचा दिग्दर्शक आणू. एक जण आहेत, एकांकिका बसवून देतात, 15 हजार म्हणाले. वर्गणी काढली तर निघतील. गॅदरिंग जानेवारीत आहे, त्यानंतर एका स्पर्धेतही उतरायचंय. काय करू?

विंगेतला_काका
अगं बाई, पहिल्यांदा ते 15 हजार खिशात ठेव.

मी पुण्यात कॉलेजला असताना तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक केलं, भरत नाट्य मंदिरात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची कॉलेजांसाठीची एकांकिका स्पर्धा, 1963 पासून चालू आहे, आणि तिथे नेपथ्य-प्रकाशाला बक्षीसच नाही, लेखन, दिग्दर्शन, अभिनय एवढंच बघतात. त्यामुळे आमच्याकडे दोन लेव्हल, म्हणजे स्टेजवरचे उंच चौथरे, आणि एक खुर्ची असली तरी चालायचं, पण दिग्दर्शक पोरांतलाच हवा यावर आम्ही अडून बसायचो. बाहेरच्याने बसवलेलं नाटक लगेच ओळखू येतं ग. सगळी पात्रं एकाच माणसासारखी हात हलवतात. 2022 ला तर परीक्षकांनी करंडकाच्या लायकीचं एकही नाटक नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता, त्यावर केवढा गदारोळ झाला होता, पण मुद्दा असा की तिथे चकचकीतपणाला कुणी भुलत नाही.

आता तुझ्या नटाचं. आमचा मुख्य नट प्रयोगाच्या नऊ दिवस आधी काविळीने आडवा झाला. सगळे रडायच्या बेतात. तेवढ्यात प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेली वाक्यं सुचवायला, बसणारा एक मुखदुर्बळ पोरगा, दोन महिने कोपऱ्यात संहिता मांडीवर घेऊन बसलेला, उभा राहून म्हणाला मला सगळं पाठ आहे. सगळं म्हणजे सगळं, कोण कुठून कुठे जातं ते पण. केलं त्याने. फार ग्रेट नाही केलं, पण त्याच्यामुळे बाकीच्यांना हायसं वाटलं आणि ते चांगलं करून गेले. तुमच्याकडे संहिता धरून कोण बसतं? आधी त्याचं किंवा तिचं नाव सांग.

आणि सगळ्यांसमोर झापायचं नाही. नोट्स, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचना, तालीम संपल्यावर, एकेकाला बाजूला घेऊन.

परखड_पालक
12वीचं वर्ष आहे. नाटकं नंतर आयुष्यभर करता येतात. तो मुलगा शहाणा आहे.

डिमरवाली
@परखड_पालक काका प्रश्न दिग्दर्शकाचा विचारलाय, मार्कांचा नाही. 🙂

@सांगलीची_पोर मी अकरावीपासून बॅकस्टेज करतेय, आधी प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामान, मग लाइट्स, त्यामुळे जरा वेगळं सांगते. काकांचं दिग्दर्शकाबद्दलचं पटतं पण नटाबद्दल मला वाटतं तुझी पण चूक आहे. रोज 14 च्या 14 जणांना बोलावलंस तर 9 जण रिकामेच बसणार ना, मग मोबाईल बघणारच. प्रवेशवार तालीम लाव. कागदावर उभे वार आडवी नावं, ज्याचं काम त्यालाच बोलव, आणि तो दोन दिवस येतो ना, मग त्याच दोन दिवसांत त्याचेच प्रवेश घे, बाकी तीन दिवस त्याच्याशिवायचे. आम्ही हा कागद दारावर चिकटवायचो. निम्मी भांडणं त्या कागदानेच मिटली, कारण मग रागवायला माणूस लागत नाही, कागद दाखवायचा.

दुसरं, संहिता. हे आत्ताच कर, मूड बरा असताना. लेखकाकडून दोन ओळी लिहून घे की या ग्रुपला या वर्षी प्रयोग करायला परवानगी आहे, खाली सही-तारीख. मित्र असला तरी. आमचा असाच मित्र रंगीत तालमीच्या दिवशी शेवट बदला नाहीतर करू नका म्हणून अडून बसला होता, आम्ही चार तास त्याची समजूत काढत होतो आणि लाइट लावायचे राहून गेले.

पैशाची वही एकाकडेच, आणि ती दिग्दर्शकाकडे नको.

गुरुजी_कोल्हापूर
मी शिकवतो आणि आमच्याकडचा विद्यार्थ्यांचा ग्रुप बघतो, म्हणजे दार उघडून देणारा सर मीच. थोडक्यात लिहितो.

गॅदरिंगला प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये, शाळा-कॉलेजच्या प्रयोगाला सूट आहे. स्पर्धेला ती लागू धरू नका, तिथे बाहेरचे प्रेक्षक येतात. स्पर्धावाले बहुतेक ठिकाणी लेखकाचं पत्र मागतात आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही मागतात, पोरं ज्याला नुसतं सेन्सॉर म्हणतात ते. त्याला वेळ लागतो. नियमपत्रक हातात आलं की पहिलं ते बघा, नाटक बसल्यावर नाही.

तुमच्या सरांना एकदा तालमीला बसवा. दिग्दर्शन करायला नव्हे, नुसतं बघायला. आम्हाला कुणी विचारतच नाही हो, किल्ली घेतात आणि जातात. आणि तालीम सातच्या पुढे गेली तर मुली घरी कशा जाणार हे आधीच ठरवा, पालकांनी एकदा नाही म्हटलं की ग्रुप तिथेच मोडतो, हे दोनदा झालंय आमच्याकडे.

जाता जाता, आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 ला जळालं तेव्हा माझी 11वीची पोरं तिथे बाहेर उभं राहून रडत होती. त्यातल्या निम्म्यांनी त्या स्टेजवर पायसुद्धा ठेवला नव्हता. तुम्ही तर सांगलीचे, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे सीतास्वयंवर केलं त्या गावचे. तुम्हाला बसवून द्यायला माणूस भाड्याने आणायचा?

सांगलीची_पोर
गुरुजी, ती शेवटची ओळ मी ग्रुपवर टाकली, दोघांनी रागावून अंगठा दाखवला, पण वर्गणीचा विषय बंद झाला.

अपडेट देते. रविवारी भडंगाचा पुडा घेऊन त्या नटाच्या घरी गेले. सॉरी म्हणाले. तो म्हणाला की खरं तर त्याला क्लास आणि तालीम दोन्ही झेपत नाहीये पण सोडतो म्हणायची लाज वाटत होती म्हणून तो असा अधूनमधून येत होता. मला वाटत होतं भाव खातोय. आता तो बोटवाल्याचं काम करणार, एकच एंट्री, शेवटची, आणि खरं सांगू तो पाच मिनिटांत सगळ्यांना खाऊन टाकणार.

संहिता धरून बसणारी 11वीतली एक मुलगी आहे. काकांचं वाचून तिला विचारलं, पाठ आहे का? तिने मान हलवली आणि पहिल्या पानापासून सुरू झाली, आजीचे पण डायलॉग म्हणत होती. तर नातवाची नात झाली. लेखक आधी भडकला, मग रात्री साडेबाराला मेसेज आला की नात असेल तर आजी तिच्याशी वेगळं बोलेल, दुसरा प्रवेश परत लिहितोय. सही पण दिली. हेडबाई म्हणणारी अजून नीट बोलत नाही, तालमीपुरतंच बोलते. तिला काय म्हणायचं तेच सुचत नाहीये.

वेळापत्रक दारावर लावलंय. सर काल येऊन बसले आणि दहाव्या मिनिटाला म्हणाले, तुमचं पाणी दिसत नाही. तर आता हाच प्रश्न. स्टेजवर पाणी चढतंय हे दाखवायचं कसं? प्रोजेक्टरला बजेट नाही. एक जण निळी साडी हलवूया म्हणतोय, मला ते गॅदरिंगमधल्या कोळीगीतासारखं वाटतं.

डिमरवाली
निळी साडी अजिबात नको 😂

पाणी दाखवूच नका. माळ्याला दोन-तीन लेव्हल करा, म्हणजे बाकं उलटी-सुलटी लावून, मजबूत बांधून, आणि दर प्रवेशाला आजी-नात एक पायरी वर सरकलेली असू दे, सामान पण वर येत जाऊ दे, आधी धान्याचा डबा मग देवघर. प्रेक्षक स्वतःच मोजतात पाणी किती चढलं ते. लाइट पण प्रत्येक वेळी खालून थोडा कमी करत जा, शेवटी फक्त वरचा तुकडा उजेडात.

विंगेतला_काका
आणि आवाज विंगेतून जिवंत करा, रेकॉर्डेड लावू नका, स्पीकरमधून पाऊस भजी तळल्यासारखा येतो. एक पोरगा, एक टब, एक मग. सावकाश ढवळायचं, मधेच थांबायचं. थांबलं की लोक जास्त घाबरतात.

सांगलीची_पोर
टब आहे आमच्याकडे, स्टीलचा मोठा.

विंगेतला_काका
प्लॅस्टिकचा घे. स्टीलचा खणखणतो.