साताऱ्याच्या घाटासाठी धावण्याचे बूट कसे निवडावेत?

घाटवाट: सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी प्रथमच नाव नोंदवले आहे. सरावात यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने उतरल्यावर माझ्या अंगठ्यांची नखे काळी पडली. बूट नेहमीच्याच मापाचे, म्हणजे ८ नंबरचे आहेत. नवे घेताना काय पाहावे?

पहाटपाऊल: कारण बहुधा मापातच आहे. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते आणि बोटे टोकावर आदळत राहतात. म्हणून सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा, बहुतेकदा अर्धा किंवा एक नंबर मोठा बूट घ्यावा. दिवसभरात पाय किंचित सुजतात, त्यामुळे खरेदीला संध्याकाळी जावे, धावतानाचेच मोजे सोबत न्यावेत आणि दुकानात थोडे धावून पाहावे. किंमत आणि रंग यांचा विचार त्यानंतर.

एकवीस_किमी: माप योग्य असूनही टाच उचलली जात असेल, तर एरवी रिकामे राहणारे सर्वांत वरचे भोक वापरून नाडी बांधा. पावसात घाटातले डांबर निसरडे होते, म्हणून तळव्याला नुसता फोम नसून रबर आहे ना, हेही उलटून पाहा. शर्यतीत कोरे बूट मात्र कृपया घालू नका. आधी काही आठवडे त्यांतच सराव करा.

घाटवाट: मनापासून आभार. शनिवारी संध्याकाळी मोजे घेऊनच जातो.