साडेचौदा फूट उंचीचा सोपा: फॉल्स सीलिंग की पोटमाळा?

गावभागची_वहिनी

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. विटांच्या, चुन्यातल्या भिंती, सागवानी तुळया, त्यावर तक्तपोशी (फळ्यांचं छत) आणि वर मंगलोरी कौलं. पुढचा सोपा, म्हणजे पुढची खोली, तेरा बाय अठरा फूट. जमिनीपासून तक्तपोशीपर्यंत साडेचौदा फूट. काल मी स्वतः शिडीवर चढून टेपनं मोजलं, खाली टेपचं टोक मुलानं धरलं होतं.

आता घराचं काम काढलंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. आमच्या ह्यांना फॉल्स सीलिंग हवंय. विश्रामबागला त्यांच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये कडेनं पिवळे लाइट लावलेलं सीलिंग बघून आले, तेव्हापासून तेच चाललंय. "एवढी उंची नुसती जाळी-जळमटं धरायला." कॉन्ट्रॅक्टरनं चौरस फुटाला ११० रुपये सांगितलेत, दहा फुटांवर पीओपी. म्हणजे वरचे साडेचार फूट कायमचे बंद.

माझं म्हणणं वेगळं आहे. मी याच सोप्यात शिवणकाम करते. दोन मशिनी, एक पिकोची, शिवाय गिऱ्हाइकांच्या कापडाची गाठोडी. २००५ ला घरात दीड फूट पाणी आलं होतं, म्हणून २०१९ ला आम्ही सगळं टेबलावर चढवून ठेवलं आणि निर्धास्त राहिलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात पाच फूट दोन इंच. चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, पुराची रेघ त्याच्या नववीतल्या खुणेच्या जरा वर आहे. टेबल पाण्यावर तरंगून उलटलं, मशिनी खाली गेल्या. एका नवरीचे सात ब्लाउज होते त्यात. पाणी उतरल्यावर ते गाळातून काढले, धुतले, पण जरीचा रंग गेला तो गेलाच. तिच्या आईनं एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त वाटलं. २०२१ ला परत अडीच फूट.

तेव्हा मला वाटतं, वरची जागा झाकण्यापेक्षा तिथं पोटमाळा करावा. पण त्यानं सोपा कोंदट होईल का? तुळयांवर वजन चालेल का? उन्हाळ्यात वर बसवेल का? अनुभव असेल त्यांनी सांगा. "जुनं पाडून स्लॅब टाका" सोडून काहीही सांगा.

शनिवार_पेठ_सातारा

वहिनी, पीओपीचं आमचं ऐका. साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं असंच घर, उंची तेरा फूट. मी हौसेनं सीलिंग केलं, वास्तुशांतीसारखे पाहुणे बोलावून दाखवलं. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी एक कौल सरकलं. एरवी असं झालं की खाली थेंब पडतो, आपण ताट ठेवतो, दुसऱ्या दिवशी कौल नीट करतो. इथं थेंब दिसलाच नाही. पाणी वरच्या वर पीओपीवर साठत राहिलं आणि एका रात्री दोन बाय तीनचा तुकडा थेट दिवाणावर. दिवाण रिकामा होता म्हणून बरं.

पण खरं दुखणं त्या भोकातून टॉर्च मारल्यावर कळलं. एका वाशाला वाळवी. भिंतीवरून मातीची रेघ पार वर गेलेली. तक्तपोशी उघडी असती तर झाडू मारताना पहिल्याच आठवड्यात दिसली असती. शिवाय उंदीर. रात्री डोक्यावर शर्यती लागायच्या.

सगळं उतरवलं, लाकूड घासून जवसाचं तेल दिलं. आता येणारा प्रत्येक माणूस आधी मान वर करतो. भाऊजींना एकदा इकडे पाठवा, चहा मी देतो.

मिरजेचा_मिस्त्री

ताई, फॅब्रिकेशन आणि दुरुस्तीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुळयांना काही टांगू नका आणि त्यांच्यावर काही टेकवू पण नका. त्या कौलांचं वजन पेलतायत, तेवढं पुरे. पोटमाळा स्वतःच्या पायावर उभा करा. सोप्याच्या एका टोकाला तेरा फूट लांब, सहा फूट रुंद एवढाच घ्या. सहा खांब, म्हणजे मधला गाळा साडेसहा फुटांचा पडतो, चार इंची लोखंडी चॅनेलमध्ये बसतं. खांबांना खाली स्वतंत्र फूटिंग, फरशीवर नुसती प्लेट ठोकून नाही. पूरपट्ट्यातली जमीन आहे, पाया एखाद्या इंजिनिअरला दाखवूनच घ्या.

उंचीचा हिशेब असा. खाली साडेसात फूट मोकळं सोडा. चॅनेल आणि वरची फळी मिळून सहा इंच. म्हणजे पोटमाळ्याची जमीन आली आठ फुटांवर, तुमच्या पुराच्या रेघेपेक्षा जवळजवळ तीन फूट वर. वर उरले साडेसहा फूट. पण हे तक्तपोशीपर्यंत. तुळई खाली नऊ-दहा इंच येत असणार, तिच्याखाली पावणेसहाच मिळतील. म्हणून कापायचं टेबल दोन तुळयांच्या मधे, आणि तुळईखाली गाठोडी. उलटं केलं तर रोज कपाळमोक्ष.

पूर्ण सोप्यावर पोटमाळा घेऊ नका. एक तृतीयांश झाकला तर पोटमाळा, पूर्ण झाकला तर दोन बुटक्या खोल्या. तुमचा हिशेब एक तृतीयांशचाच होतोय.

पंख्याचं कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. उरलेल्या भागात लांब रॉड टाकून पंखा खाली घेणार. पाती आठ-नऊ फुटांवर आली की खाली वारा छान लागतो, पण तुमचा पोटमाळा पण आठ फुटांवर आहे. म्हणजे वरच्या माणसाच्या पायाशीच पातं फिरतंय. कठड्यावरून कापड झटकलं आणि ते पात्यात अडकलं की संपलं. कठड्यापासून पात्याचं टोक निदान चार फूट लांब ठेवा, आणि वर बसायला भिंतीवरचा पंखा वेगळा.

खालच्या सहा फुटांत प्लायवूड नको, फुगतं. कप्पे कडाप्प्याचे करा. पाणी उतरलं की पाईप मारून धुता येतात. वीजबोर्ड सगळे रेघेच्या वर घ्या आणि खालचे पॉइंट वेगळ्या एमसीबीवर. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर नको म्हणा, आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही आणि मग पोपडे येत राहतात. चुन्याचाच गिलावा करून घ्या.

कामाआधी महापालिकेच्या नगररचना विभागात एकदा विचारून ठेवा.

गावभागची_वहिनी

बापरे, पंख्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मी दिवसातून पन्नास वेळा कापड झटकते!

दोन शंका. जिना कसा घ्यावा? सासूबाई सत्तरीपुढच्या आहेत, आणि पाणी आलं तर त्यांनाही वर जाता आलं पाहिजे. शिडी त्यांना जमणार नाही. आणि उन्हाळा. तक्तपोशीच्या खाली दोन्ही भिंतींना झरोके होते, पारव्यांनी घरटी केली म्हणून ह्यांनी ते विटा-सिमेंट घालून बुजवले.

मिरजेचा_मिस्त्री

तिथंच तुमची गरमी अडकलीय. गरम हवा वर जाते, तिला वाट पाहिजे. खाली खिडकी आणि वर समोरासमोर झरोके, याच्यासाठीच जुन्या लोकांनी उंची ठेवली होती. वाट बंद केली की सगळी हवा पोटमाळ्यावर बसणाऱ्याच्या डोक्याशी. आधी झरोके फोडा, मग पोटमाळा. कौलाखाली अंधार वाटत असेल तर दोन-तीन कौलं काचेची बसवा, पण तक्तपोशीची तेवढी फळी काढावी लागेल. उत्तरेकडच्या उतारावर बसवा, दक्षिणेला नको, डोक्यावर ऊन येईल.

जिना आठ इंचांच्या उभ्या टप्प्यानं बारा टप्प्यांत आठ फूट चढतो. पायरी दहा इंच रुंद धरली तर लांबीत नऊ-सव्वानऊ फूट. अठरा फुटांच्या भिंतीला आरामात बसेल. दोन्ही बाजूंना कठडा. जिन्याखाली बंद कपाट करायचा मोह होईल, करू नका, उघडंच राहू द्या.

जुना_सांगलीकर

मी एकच विचारतो. मधल्या तुळईला लोखंडी कडी आहे का? आमच्या वेळी प्रत्येक सोप्यात झोपाळ्याला असायची. पोटमाळा वर्षाचे बारा महिने असतो, पूर चार दिवस, पण त्या चार दिवसांत जड सामान जिन्यावरून नेताना माणसं पडतात. कडीला कप्पी लावा, मशीन स्टँडवरून सोडवा, दोरानं वर ओढा आणि पोटमाळ्यावर घ्या. दहा-बारा किलो म्हणजे झोपाळ्याच्या मानानं काहीच नाही. मात्र आधी तुळई हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. भरीव आवाज आला तरच.

मिस्त्री तुळईला काही टांगू नका म्हणाले ते कायमच्या वजनाचं. हे तासाभराचं आहे.

मिरजेचा_मिस्त्री

बरोबर आहे काका. झोपाळा पेललेली तुळई आहे. फक्त दोर ओढताना कुणी खाली उभं राहू नका.

गावभागची_वहिनी

कडी सापडली! ऑइलपेंटचे इतके थर की लाकडाचीच गाठ वाटत होती. सासूबाई म्हणाल्या, झोपाळ्याच्या आधी ह्यांचा पाळणा पण तिथंच टांगला होता. तुळई ठोकून बघितली, भरीव आहे. मुलानं गिरणीवाल्याकडून कप्पी आणली आणि रविवारी आम्ही आधी ज्वारीचं पोतं वर ओढून बघितलं, मग पिकोची मशीन. तीन मिनिटं लागली. आमचे हे खाली उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. खाली उभे राहू नका असं वाचून दाखवलं तेव्हा बाजूला झाले.

आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते पुलाजवळ ५२ फुटांच्या पुढं गेल्यावर. यापुढं ४५ ची बातमी आली की मशिनी वर, असं ठरवलंय. लोक हसले तर हसू देत.

सीलिंगवर समझोता झालाय. पिवळे लाइट पोटमाळ्याच्या कडेला खालून लावायचे, पीओपी नाही. झरोके फोडायला गुरुवारी माणूस येतोय. पारव्यांसाठी जाळी कोणत्या मापाची घेऊ?

मिरजेचा_मिस्त्री

पाऊण इंची वेल्डमेश. पारव्याला एक इंच पण चालतं, पण त्यात चिमणी डोकं घालते. आतून डासांची जाळी काढता येईल अशी, स्क्रूवर. वर्षातून दोनदा धुवावी लागते, नाहीतर वाट परत बंद.