गोबी मोहिमा आणि मोटारी

असं म्हणतात की रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकन संशोधकाच्या, गोबी वाळवंटात जीवाश्म शोधायच्या मोहिमा मोटारींमुळे जमल्या. अर्धंच खरं. १९२२ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची त्याची माणसं मोटारींतून निघाली, पण पेट्रोल आणि शिधा घेऊन उंटांचा तांडा कित्येक आठवडे आधीच पुढे गेला होता. म्हणजे उन्हाळ्यात कुठे पोचायचं हे थंडीतच ठरवायला हवं. तांडा चुकला तर मोटारी जागच्या जागी!

मला जास्त आवडतो तो परतीचा हिशोब. पेट्रोलच्या रिकाम्या खोक्यांतच जीवाश्म भरायचे, आणि मध्ये गादीसारखी उंटांची गळलेली लोकर. हाडं फुटू नयेत म्हणून त्यांवर गोणपाट चिकटवायला मात्र खळ लागायची, ती खायच्या पिठाची. त्यामुळे १९२३ मध्ये जीवाश्म भरपूर सापडले तसं पीठ संपत आलं.