प्रतिसाद: आजारपणानंतर पुन्हा नोकरी

ताई, टीबीमुळे भाऊ दीड वर्ष घरी होता, आता मुलाखतीत काय सांगायचं, असं विचारलंत. वर एकाने सुचवलेलं ‘शेती बघत होतो’ असं खोटं कारण नकोच. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल काय, चटईचा कारखाना काय, सगळे एकमेकांना फोन लावतात. भावाने सरळ सांगावं: ‘आजारी होतो, औषधं पूर्ण झाली, हे फिटनेस सर्टिफिकेट.’ बस्स, पुढे कामाचं बोलायचं.

आधी पगारातून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापली जात होती का? टीबी तिच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेसा हप्ता भरलेला असेल, तर आजारपणाचा नेहमीचा ९१ दिवसांचा भत्ता संपल्यावरही पगाराच्या ८० टक्के भत्ता मिळतो. 

आणि जमलं तर मेमध्ये रुजू होऊ नका म्हणावं. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत धडधाकट माणूसही आडवा होतो.