फॅन फिल्मला तिकीट लावायचं का?

पेठकर:
आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या पोरांनी एका गाजलेल्या हिंदी पिक्चरमधल्या इन्स्पेक्टरवर ४० मिनिटांची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेनं काढलेली फिल्म, केली आहे. नाव तेच, वर्दी तीच, डायलॉग निम्मे तेच. शूटिंग पंचगंगा घाटावर आणि एका गुऱ्हाळात. गुऱ्हाळातली मारामारी खरंच भारी जमली आहे. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीच्या वाफेत माणसं दिसेनाशी होतात, फक्त काहिलीखालच्या जाळाचा उजेड आणि दणादण आवाज. इथवर कौतुकच. पण आता हॉल घेऊन १०० रुपये तिकीट लावणार म्हणे, वर हिरोचा चेहरा छापलेले टी-शर्ट. माझं मत सरळ आहे. हौस म्हणून काढलाय तर फुकट दाखवा. दुसऱ्याच्या पात्रावर गल्ला भरायचा असेल तर आधी त्याला विचारा.

नादखुळा:
पेठकर, कॅमेऱ्याचं भाडं कोण देणार, तुम्ही? लाइट, गाडीचं डिझेल, सगळ्यांचं दोन वेळचं जेवण, पोरांनी पदरचं घातलंय. आणि हे कोल्हापुरात ऐकायचं! मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा बनवला, तिथल्या पोरांनी परवानगीची वाट बघत बसायचं? मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, तिकीट लावून दाखवला. मूळ पिक्चरचं काय बिघडलं? उलट पुढं त्या मालेगावच्या मंडळींवर डॉक्युमेंटरी झाली, हिंदी पिक्चरही आला.

सैरंध्री२०:
बाबूरावांना यात ओढू नका. त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० च्या 'सैरंध्री' या मूकपटासाठी कथा घेतली महाभारतातली, जी कुणाच्या मालकीची नाही. तुमच्या पोरांनी कॅमेरा भाड्यानं आणला आणि पात्र उचललं. लई फरक आहे.

कोर्टकचेरी:
पेठकर, नादखुळा, तुम्हा दोघांचाही एक गैरसमज आहे. फुकट दाखवलं की कायद्यातून सुटलो, असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा सवलती आहेत. चाहत्याचं प्रेम त्या यादीत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, एवढंच. पैशाचा फरक शिक्षेत पडतो, गुन्ह्यात नाही.
आता दिलाशाचं. आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. चिडका, प्रामाणिक इन्स्पेक्टर कुणीही लिहावा. नाव, लकबी, संवाद तसेच्या तसे उचलले की अडचण सुरू होते. नाव बदला, डायलॉग स्वतःचे लिहा, मग खुशाल तिकीट लावा.

नादखुळा:
नाव बदललं तर बघायला कोण येतंय? लोक त्या इन्स्पेक्टरसाठीच येणार की!

पेठकर:
झालं. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. १०० रुपये ज्याच्यासाठी मिळणार, तो तुमचा नाही.

वॉर्पवेगळा:
अमेरिकेत यावर मोठं रामायण झालंय. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या गोष्टींच्या मालिकेच्या चाहत्यांनी 'ॲक्सानार' नावाच्या फिल्मसाठी लोकांकडून १० लाख डॉलरच्या वर पैसे जमवले, त्यातून स्टुडिओ उभारायला घेतला. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस या मालक कंपन्यांनी दावा ठोकला. २०१६ मध्ये त्यांनी फॅन फिल्मसाठी नियमच काढले: एक भाग १५ मिनिटांचा, फार तर दोन भाग, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत, कलाकार हौशी आणि बघणाऱ्याला फुकट. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. इतकी वर्षं कंपनी चाहत्यांकडं कानाडोळा करत होती, पण पैसा मोठा झाल्यावर तिनं डोळे उघडले.

नादखुळा:
म्हणजे वर्गणी चालते! तालमीच्या गणपतीसारखी आधी पट्टी काढायची, खर्च भागवायचा आणि पिक्चर फुकट. हे मला मान्य आहे.

कोर्टकचेरी:
ती सवलत त्या कंपनीनं स्वतःच्या पात्रांपुरती दिली आहे. तुमच्या इन्स्पेक्टरच्या मालकानं कुठं दिली? टी-शर्टवर तर नटाचा चेहरा, म्हणजे आणखी एक तक्रारदार.

सैरंध्री२०:
यूट्यूबवर टाकताना मूळ पिक्चरचं पार्श्वसंगीत असेल तर तिथली यंत्रणा ते ओळखते. मालकाला हवं तर व्हिडिओ अडवतो, हवं तर जाहिरातीचे पैसे स्वतःकडं वळवतो. हा प्रकार मला तरी बरा वाटतो. ज्याचं त्याला मिळतं, पोरांचं काम लोकांपुढं येतं.

लाइटबॉय:
मी या फिल्मवर काम केलंय म्हणून बोलतो. पेठकर आणि वकीलसाहेब बाहेरच्या मालकाचंच बघतायत. आम्ही सात रात्री फुकट राबलो ते दोस्तीखातर. गुऱ्हाळवाल्यानं एक आदण, म्हणजे रस उकळायची एक खेप, आमच्यासाठी थांबवलं, रुपया घेतला नाही. तिकीट लावणार असाल तर त्याचा वाटा किती, आमचा किती? विचारलं तर डायरेक्टर म्हणतोय, "आधी खर्च निघू दे."

नादखुळा:
टी-शर्ट रद्द करायला सांगतो. वाट्याचं तू त्याच्याशीच बोल, मला त्यात घेऊ नको.

लाइटबॉय:
खर्चाचा कागद तुमच्याकडंच आहे नव्हं? तो टाका की इथं.