मदत हवी आहे: उजवा हात, डावा डोळा – खांदा बदलायचा का?

नमस्कार मंडळी. मी 10 मीटर एअर रायफलच्या प्रशिक्षक कोर्सची तयारी करतोय आणि सोबत नवशिक्यांच्या एका तुकडीला शिकवायला मदत करतो. सुरक्षेचं बाळकडू सगळ्यांना पाजून झालंय: नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, रायफल खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी). त्यात मी कुणाचे लाड करत नाही.

घोडं अडलंय ते दुसरीकडे. तुकडीतली एक मुलगी उजव्या हाताची, पण तिचा डावा डोळा प्रबळ, म्हणजे नेम धरताना मेंदू त्याच डोळ्यावर भिस्त ठेवतो. रायफल उजव्या खांद्यावर, म्हणून उजव्या डोळ्याने नेम धरायला डावा डोळा मिटला की तोंड आवळलं जातं, गाल दस्त्यावरून हलतो आणि मागच्या साइटच्या भोकात पुढची रिंग मधोमध राहत नाही. 10 गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा, छर्रा 4.5 मिमीचा, एवढ्याशा हलण्यानेही गुण जातात.

तिला सरळ डाव्या खांद्यावर न्यावं, की डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकवावं? माझा कल पट्टीकडे आहे, कारण तिचा उभं राहण्याचा पवित्रा छान बसलाय. पण पुढे डोळा दमतो का? खांदा बदलायचाच असेल तर छर्रे बंद करून आधी नुसत्या ड्राय फायरिंगवर किती दिवस ठेवता?

आणि प्रशिक्षक कोर्समध्ये असल्या अडचणी प्रत्यक्ष रेंजवर शिकवतात, की सगळं वर्गातच? केलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.