एफ४५० ड्रोन उचलला की डुलतो आणि पालथा पडतो, पीआयडी बदलून बदलून थकलो

केटी_लागलेला
नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. चार मोटर्सचा ड्रोन: एफ४५० फ्रेम, ९२० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला ९२० फेरे) मोटर्स, १०४५ प्रॉप (पंखे), ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे), ३एस (तीन सेलची) बॅटरी आणि डोकं म्हणून आर्डुइनो उनो अन् एमपीयू ६०५० (कल आणि फिरणं मोजणारा सेन्सर). सर म्हणाले रेडिमेड फ्लाइट कंट्रोलर चालणार नाही, कोड स्वतः लिहा, म्हणून लिहिला. आता थ्रॉटल जरा वर नेला की पठ्ठ्या पुढे-मागे डुलायला लागतो, हेलकावे मोठे मोठे होत जातात आणि तिसऱ्या-चौथ्याला पालथा. सात प्रॉप मोडलेत आत्तापर्यंत. पीआयडीतला पी (आत्ताच्या चुकीवर जोर; आय म्हणजे साठलेल्या चुकीवर, डी म्हणजे बदलाच्या वेगावर) कमी केला तर सुस्त होऊन कलंडतो, वाढवला तर थरथर, आणि डी वाढवला की मोटर्स किरकिरतात आणि एवढ्या तापतात की हात लावला तर चटका बसतो. अँगल कॉम्प्लिमेंटरी फिल्टरने (दोन सेन्सरची मापं मिसळून) काढतोय, ०.९८ जायरो आणि ०.०२ अ‍ॅक्सेलरोमीटर. कुणाकडे एफ४५० चे चालणारे पी, आय, डी आकडे असतील तर द्या प्लीज, व्हायवा जवळ आलाय.

सोल्डरवाला
भावा, दुसऱ्याचे आकडे घेऊन काही होणार नाही. आधी हे सांग, तुझा लूप (सेन्सर वाचून मोटरला हुकूम देणारी कोडची फेरी) एकदा फिरायला किती वेळ लागतो? मोजलायस का? आणि सीरियल मॉनिटरवर अँगल छापत बसलायस का? ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, म्हणजे चाळीस अक्षरांची ओळ छापली की ४० मिलिसेकंद गेले, कारण बफर भरला की कोड तिथंच ताटकळतो. तळहातावर काठी उभी धरून बघ, मग तेच डोळे मिटून आणि मित्राने "डावीकडे चालली" असं ओरडून सांगितल्यावर करून बघ. काठी पडणारच, हात कितीही चपळ असू दे. तुझं ड्रोन नेमकं तेच करतंय, कलल्याची बातमी उशिरा येते, तोवर ते दुसरीकडे निघालेलं असतं, आणि तू त्याला आणखी ढकलतोस.
दुसरं म्हणजे ईएससीला सर्वो लायब्ररीने पल्स देत असशील तर ती २० मिलिसेकंदांनी एकदा जाते, म्हणजे सेकंदाला फक्त ५० वेळा. लूप कितीही पळव, मोटरला ५० वेळाच कळणार. पल्स स्वतः पिन वर-खाली करून दे, दर ४ मिलिसेकंदाला. आर्डुकॉप्टर या तयार ड्रोन सॉफ्टवेअरचा मेन लूप ४०० हर्ट्झने चालतो, उनोवर २५० मिळाले तरी पुष्कळ.

माळावरची घार
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण मला वाटतं रचनेतही घोळ आहे. तू डी काढताना आत्ताच्या अँगलमधून मागचा अँगल वजा करतोयस ना? त्यात सगळा नॉइज फुगतो, म्हणून मोटर्स तापतात. अरे जायरो तुला फिरण्याचा वेग आयता मोजून देतोय, तोच वापर की. दोन लूप कर: आतला जायरोवर, अंश प्रतिसेकंदात, आणि बाहेरचा अँगलवर, नुसता पी, जो आतल्याला सांगेल किती वेगाने फिर. बेटाफ्लाइट या सॉफ्टवेअरमधला अ‍ॅक्रो मोड म्हणजे फक्त आतला लूप, अँगल मोडमध्ये बाहेरचा जोडला जातो. तू आधी आतला नीट कर, बाहेरच्याला हातच लावू नकोस.
आणि सेन्सरमधला लो-पास फिल्टर तपास. ४२ हर्ट्झच्या सेटिंगला जायरो ४.८ मिलिसेकंद उशिरा सांगतो, ५ हर्ट्झला १८.६. थरथर जावी म्हणून लोक ५ वर नेऊन ठेवतात आणि मग ड्रोन अजूनच डुलतं. थरथर मुळात काढायची, प्रॉप बॅलन्स कर, हलक्या पात्याला सेलोटेपचा तुकडा लाव.
जमिनीवर असताना आय शून्यावर ठेव, नाहीतर तो बसल्या बसल्या साठत जातो आणि उचलताच झटका देतो.

फुकटचा_सल्ला
रेडिमेड बोर्ड लाव, वरून उनो चिकटव, सरांना काय कळतंय 😄

माळावरची घार
व्हायवात पहिलाच प्रश्न लूप टाइमवर आला की कळेल.

केटी_लागलेला
दादा, ताई, लाजच वाटली. लूप ६१ मिलिसेकंदांचा निघाला!! डीबगची ओळ महिनाभर तशीच पडून होती. ती काढली, आयटूसी (सेन्सरशी बोलायची लाइन) १०० वरून ४०० किलोहर्ट्झ केला, सर्वो लायब्ररी हाकलली, आता बरोबर ४ मिलिसेकंद. मग दोन खुर्च्यांमध्ये पाळण्याची दोरी बांधून फ्रेम पिचमध्येच (पुढे-मागेच) फिरेल अशी लटकवली आणि फक्त आतला लूप चालू केला. पी वाढवत नेला, बारीक भर्र आवाज आला तिथून थोडा खाली आणला. बोटाने टिचकी मारली तर एकदाच हलून थांबतो, मी अर्धा तास नुसत्या टिचक्याच मारत बसलो. काल ग्राउंडवर उचलला, पालथा नाही पडला. फक्त जागच्या जागी हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरतो, मोटर्सच्या दिशा आणि प्रॉप चारदा तपासले, बरोबर आहेत.

सोल्डरवाला
मस्त! यॉला (जागच्या जागी फिरण्याला) जोरच कमी असतो रे, तिथे प्रॉप ढकलत नाही, फक्त मोटरच्या उलट्या टॉर्कवर काम चालतं. सातदा आपटलाय म्हणतोस, म्हणजे फ्रेमचा एखादा हात पिळला असेल. समोरून डोळ्याच्या पातळीला धर आणि चारही मोटर्सचे शाफ्ट बघ, एखादा जरी तिरका दिसला तरी तोच फिरवतोय. स्क्रू सैल करून सरळ कर, मग यॉच्या आयला हात लाव. आणि टेबलावर काही तपासताना प्रॉप काढत जा, बोटं दहाच आहेत.

केटी_लागलेला
मागचा डावा. डोळ्याला दिसतोय तिरका.